आईने अर्धा विणलेला स्वेटर मी पुरा करतेय, विणकाम करणाऱ्यांनो मदत हवी

पहाटवारा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचते आहे, आज पहिल्यांदा चर्चेचा धागा काढतेय.

माझी आई (वय ७१, नाशिक) गेली पन्नास वर्षं विणतेय. तिचा भाऊ, म्हणजे माझा मामा, निफाडला द्राक्षबाग करतो. निफाडची थंडी तुम्हाला ठाऊकच आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा दर हिवाळ्यात बातम्यांत येतो. थंडी फार उतरली की मामा पहाटे तीन-चारला बागेत जाऊन शेकोट्या पेटवतो, नाहीतर मण्यांना तडे जातात. त्या पहाटेसाठीचा त्याचा स्वेटर आईनेच विणलेला असतो. आधीचा कोपरांवर विरला, म्हणून तिने यंदा श्रावणात नवीन विणायला घेतला. गडद हिरवी लोकर, मधोमध सहा टाक्यांची वेणी.

पाठ पूर्ण झाली. पुढचा भाग मुंढ्याला (बाही जोडतात त्या जागेला) चार बोटं कमी असताना तिचा उजवा अंगठा मुळाशी इतका दुखायला लागला की डॉक्टरांनी सुया बंद करायला सांगितलं. तिला फार वाईट वाटलंय. मी म्हटलं, मी पुरा करते. मला मफलर आणि कानटोप्या बऱ्या येतात, पण स्वेटर कधी केलेला नाही.

अडचणी अशा:

आईच्याच १० नंबरच्या सुयांवर मी दहा ओळी विणल्या. जिथे माझा हात सुरू होतो तिथे सरळ रेघ दिसते. माझं विणकाम घट्ट, दाटलेलं.

दुसरं, आईच्या भागात वरून अठ्ठावीस ओळी खाली वेणीचा एक पीळ उलट्या बाजूला पडलाय. बाकी सगळे उजवीकडे, हा एकटा डावीकडे. आईला हे अजून सांगितलेलं नाही. सांगवत नाही.

तिसरं, लोकर पुरेल असं वाटत नाही आणि गुंड्यावरची पट्टी आईने टाकून दिली आहे, त्यामुळे लॉट नंबर (एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा नंबर) नाही.

सल्ला द्याच, आणि तुमच्याही विणकामातल्या कटकटी आणि सुखं लिहा. मला सध्या सोबतीची गरज आहे.

दोन सुया

पहाटवारा, आधी त्या दहा ओळी उसव. मन घट्ट करून उसव. दहा ओळी म्हणजे एका संध्याकाळचं काम, पण ती रेघ मामांच्या छातीवर पुढची वीस वर्षं राहील.

आता माप. सुईवर असताना मोजायचं नाही, सुईवर टाके ताणलेले असतात. आईंची पाठ टेबलावर सपाट पसर, वेणी सोडून साध्या भागावर दहा सेंटिमीटरला दोन टाचण्या लाव आणि मधले टाके मोज. ओळीही मोज. मग त्याच लोकरीचा हातभर नको, वीतभर तुकडा तुझ्या हाताने विण आणि तसाच मोज. दोन्ही आकडे इथे लिही.

आणि आईंना पीळ चुकल्याचं सांग. काम त्यांचं आहे. आपल्या कामातली चूक आपल्यापासून लपवली गेली, हे कळलं तर जास्त लागतं.

उलटसुलट

मी बंगळुरूला असतो, दिवसभर कोड लिहितो आणि रात्री विणतो. आजीकडून शिकलो. पुरुष विणतो म्हणून लोक बघतात, पण त्याबद्दल नंतर कधीतरी.

पिळासाठी सगळं उसवायची गरज नाही! फक्त वेणीचे सहा टाके सुईवरून सोडायचे आणि त्या चुकलेल्या ओळीपर्यंत खाली उतरवायचे. शेजारचे टाके जागचे हलत नाहीत. असं करा:

स्वच्छ उजेडात बसा, आधी फोटो काढून ठेवा. चुकलेल्या पिळाच्या एक ओळ खाली त्या सहा टाक्यांतून शिवणाचा पांढरा दोरा ओवा, म्हणजे टाके त्याखाली पळणार नाहीत. मग वरून सहा टाके सोडा आणि हलक्या हाताने उकलत या. प्रत्येक ओळीचा एक आडवा धागा मोकळा होईल, शिडीच्या पायऱ्यांसारखा. या पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा. खालची पायरी आधी. दोन टोकांच्या छोट्या सुया, मोज्यांच्या असतात तशा, घ्या आणि एकेक पायरी वापरून ते सहाच टाके पुन्हा विणत वर या. तुमची वेणी दर आठ ओळींना असेल तर त्यावरचे तीन पीळही परत घालावे लागतील.

कडेचे टाके थोडे सैल दिसतील, घाबरू नका. धुतल्यावर लोकर आपापली जागा धरते. मी पहिल्यांदा केलं तेव्हा दोन तास लागले. शेवटचा टाका सुईवर आला तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि आनंद कोणाला सांगावा हे कळेना, म्हणून आजीच्या फोटोला सांगितला.

वाचनमात्र

मला विणकामातलं काही येत नाही, पण धागा वाचतोय. मनापासून विचारतो, रागावू नका. स्वेटर बाजारात तयार मिळतो, बहुधा लोकरीच्या किमतीतच. मग इतका त्रास का?

दोन सुया

वाचनमात्र, प्रश्न चांगला आहे, रागाचं काही नाही. हिशेब करून सांगते. पुरुषाच्या स्वेटरची पाठ साधारण ११८ टाके आणि २०० ओळी, म्हणजे २३,६०० टाके. पुढचा भाग तेवढाच. दोन्ही बाह्या मिळून आणखी बावीस-तेवीस हजार. सगळे मिळून सत्तर हजारांच्या आसपास. मिनिटाला पंचवीस टाके धरले तर शेहेचाळीस-सत्तेचाळीस तास. त्यात उसवणं नाही, मोजणं नाही, शिवणं नाही.

या तासांचा मोबदला कुठलाच बाजार देणार नाही, आणि आम्ही तो मागतही नाही. पण शेहेचाळीस तास एकाच माणसाचं माप डोक्यात असतं. त्याची मान जरा जाड आहे, डावा खांदा उतरता आहे, तो बाह्या नेहमी वर सारतो. दुकानातल्या स्वेटरला हे माहीत नसतं.

मी सात-आठ वर्षांची असताना, १९६२ च्या चीन युद्धात, आमच्या वाड्यातल्या सगळ्या बायका जवानांसाठी विणत होत्या. मोजे, कानटोप्या, मफलर. माझी आई कंदिलाशी बसून विणायची. मला एक सुलट एक उलट अशी मफलरची पट्टी दिली होती, ती मी रोज उसवून परत विणायची. ज्याच्यासाठी विणलं त्याचं नाव, गाव, माप काहीच माहीत नव्हतं. तरी आई प्रत्येक कानटोपी स्वतःच्या मुठीवर चढवून बघायची, कानावर नीट बसेल ना म्हणून.

कापूसवेडी

मी मुंबईची, त्यामुळे माझं दुःख वेगळं. इथे मे महिन्यात लोकर हातात धरवत नाही. तळव्याला घाम, लोकर ओलसर, ॲल्युमिनियमच्या सुयांवर टाके पुढे सरकतच नाहीत. शेवटी मी सुती धाग्याकडे वळले. पण सुताला लोकरीसारखा ताण नाही, विणताना ते जराही लवत नाही, तासाभरात मनगट भरून येतं. आणि सुती झगा धुतला की पाण्याच्या वजनाने लांब होतो. माझ्या भाचीचा गुडघ्यापर्यंतचा झगा दोन धुण्यांत पोटरीपर्यंत आला. आता सुती काही विणलं की दोन बोटं आखूडच ठेवते आणि दोरीवर न टांगता आडवं वाळवते.

सुख सांगते. बायकांच्या डब्यात, कुर्ल्याच्या पुढे, गर्दीत धक्का लागून माझा एक टाका सुटला आणि पाच-सहा ओळी खाली पळाला. क्रोशाची सुई जवळ नव्हती. समोर बसलेल्या आजींनी साडीला लावलेली सेफ्टी पिन काढली, माझ्या हातातलं विणकाम घेतलं आणि घाटकोपर यायच्या आत टाका वर आणून दिला. नाव विचारायच्या आत त्या उतरल्या. ती पिन अजून माझ्या पिशवीत आहे.

आणि एक खुपलेली गोष्ट. चुलत बहिणीच्या बाळंतविड्यासाठी टोपरं, मोजे, अंगरखा असा संच विणला होता. अडीच महिने. दोन वर्षांनी तिच्या कपाटात तो तसाच प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला दिसला. ती म्हणाली, इतकं सुंदर आहे, खराब होईल म्हणून घातलंच नाही. तिने प्रेमानेच ठेवलं होतं हे मला कळतं. तरी मला ते बाळाच्या लाळेने ओलं झालेलं बघायचं होतं.

पहाटवारा

दोन सुया काकू, मोजलं. आईचं विणकाम दहा सेंटिमीटरला २३ टाके, ३१ ओळी. माझं त्याच सुयांवर २६ टाके. पुढच्या भागाला ११८ टाके आहेत.

आईला पिळाचं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "मला माहीत आहे. त्या रात्री अंगठा ठणकत होता. कळलं होतं, पण उसवायला हात उचलला नाही." मग बराच वेळ काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "तू उतरवशील का? मी सांगते कसं ते."

कापूसवेडी, तुमच्या आजींचं वाचून आईला दाखवलं. तिने लगेच तिच्या ब्लाउजची पिन काढून मला दिली.

दोन सुया

बघ, ११८ टाके आईंच्या हाताने ५१ सेंटिमीटर होतात आणि तुझ्या हाताने ४५. एका भागात सहा सेंटिमीटर कमी. खालून वर येता येता स्वेटर अचानक आवळला असता.

हात बदलायला जाऊ नकोस. मुद्दाम सैल विणायला गेलीस तर दहा ओळी सैल येतील, मग टीव्हीवर काहीतरी लागेल आणि पुन्हा घट्ट. सुई बदल. ९ नंबर घे, तुकडा विण. नाही जमलं तर ८.

उत्तरध्रुव

थांबा, सुईच्या नंबराबद्दल लिहायलाच हवं, मी यात हात पोळून घेतलाय. आपल्याकडे जुना इंग्लंडचा क्रम चालतो: नंबर वाढला की सुई बारीक. १२ नंबर म्हणजे २.७५ मिलिमीटर, १० नंबर ३.२५, ९ नंबर ३.७५, ८ नंबर ४. अमेरिकेत बरोबर उलट, नंबर वाढला की सुई जाड, आणि अमेरिकेतली ८ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर! मी मिनेसोटात आल्यावर सासूबाईंनी फोनवर सांगितलेला नमुना इथल्या नंबराने विणला. सहा महिन्यांच्या बाळाची टोपी माझ्याच डोक्याला झाली. तेव्हापासून मी फक्त मिलिमीटर बोलते. नेटवरून नमुना घेणाऱ्या सगळ्यांना हात जोडून विनंती, आधी तो कुठल्या देशाचा आहे ते बघा.

धुण्याबद्दलही. शुद्ध लोकर गरम पाण्यात घालून चोळायची नाही. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. उष्णता, पाणी आणि घासणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात, आणि मग परत सुटत नाहीत. माझ्या नवऱ्याने मदत म्हणून माझा पहिला स्वेटर मशीनमध्ये गरम पाण्यावर लावला. बाहेर आला तो जाड नमद्यासारखा, पाच वर्षांच्या मुलाच्या मापाचा. तो बिचारा माझ्यापेक्षा जास्त रडवेला झाला होता. कोमट पाणी, भिजवून दाबायचं, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी शोषायचं आणि मापात पसरून सावलीत वाळवायचं. ॲक्रिलिकला मात्र याच्या उलट इस्त्रीची भीती: गरम इस्त्री टेकली की ते वितळून चपटं आणि निर्जीव होतं, पुन्हा फुलत नाही.

इथे मी मुदतीआधी जन्मलेल्या बाळांसाठी टोप्या विणते. इतक्या लहान बाळांची बरीचशी ऊब डोक्यातून जाते. संत्र्याएवढ्या मापाची टोपी असते, एका बैठकीत होते. विणताना मला कोणाशी बोलावंसं वाटत नाही.

माहेर सांगोला

लोकरीचा विषय निघाला म्हणून. आमच्याकडे घोंगड्यांचं काम होतं. आजी चरख्यावर लोकर कातायची, आजोबा खड्ड्याच्या मागावर बसायचे, ताण्याला (मागावरच्या उभ्या धाग्यांना) चिंचोक्याची खळ लावायचे. त्या खळीचा वास अजून नाकात आहे. विणकामाचं वेड लागल्यावर मी ठरवलं, लुधियानाची लोकर कशाला, आपल्या दख्खनी मेंढीचीच घेऊ. काळ्या लोकरीचं सूत मिळवलं, मफलर विणला. घालवेना. मान लाल झाली. ही लोकर भरड आहे, वारा-पाऊस अंगावर घेणाऱ्या मेंढीची. मेरिनो मेंढीची, चोवीस मायक्रॉनच्या आतल्या बारीक तंतूची मऊ लोकर वेगळी. दख्खनी लोकर घोंगडीत बसते तेव्हा तिच्यासारखी ऊब नाही, पाऊस झेलते, वर्षानुवर्षं टिकते. त्या सुताची मी शेवटी देवापुढची आसनं आणि एक पिशवी केली. पिशवी दहा वर्षं वापरतेय, एक टाका हललेला नाही.

पहाटवारा, मामांच्या स्वेटरसाठी आतून सुती सदरा असतोच ना, मग थोडी भरड लोकर चालेल.

पहाटवारा

अपडेट! ९ नंबरवर साडेचोवीस टाके आले, ८ नंबरवर बरोबर २३. ओळी साडेतीस. काकू, तुमच्या पाया पडते.

८ नंबरच्या सुया मात्र सहज मिळाल्या नाहीत. आईकडे ९ पासून १४ पर्यंत सगळ्या जोड्या, ८ ची एकच सुई, दुसरी मी लहानपणी मातीचा किल्ला खणायला नेली होती असं आई म्हणते. एका दुकानातून मागवल्या तर दोन सुया दोन मापांच्या आल्या. परत पाठवण्यात आठवडा गेला. शेवटी पुण्याला कामासाठी गेले होते तेव्हा तुळशीबागेतून आणल्या.

काल रात्री पीळ उतरवला. आई शेजारी बसली होती, उलटसुलट यांचं लिहिलेलं मी मोठ्याने वाचत होते आणि ती मान हलवत होती. पांढरा दोरा ओवला. सहा टाके सोडले तेव्हा माझ्या छातीत धडधडत होतं. अठ्ठावीस पायऱ्यांची शिडी. बाराव्या पायरीला मी एक धागा सोडून वरचा उचलला. आईने लगेच ओळखलं, "एक राहिली खाली." चष्मा न लावता! तीन तास लागले. पीळ आता उजवीकडे आहे. आईने त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "चहा टाक." आमच्या घरात याहून मोठी शाबासकी नाही.

लोकरीचं मात्र अवघड आहे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पाठ ठेवली, १६५ ग्रॅम. उरलेली लोकर ११० ग्रॅम.

उलटसुलट

वजन केलंत हे उत्तम. काकूंच्या आकड्यांनी दोन बाह्यांचे टाके जवळपास पाठीएवढेच होतात, म्हणजे दीडशेच्या वर ग्रॅम हवेत. आणि पुढच्या भागाचा मुंढ्यावरचा तुकडा अजून बाकी, त्याला साठ-सत्तर. बाह्या या लोकरीत होणार नाहीत.

तोच रंग शोधून आणलात तरी लॉट वेगळा असेल. दुकानातल्या दिव्यात सारखा दिसतो, उन्हात वेगळा. थोडाच फरक असेल तर दोन ओळी जुन्या लोकरीच्या, दोन ओळी नव्या, अशा करत गेलं की सीमारेषा दिसत नाही. पण पूर्ण बाहीला जुनी लोकर पुरायला हवी ना. त्यापेक्षा उघड वेगळा रंग घ्या. जवळचा रंग चुकल्यासारखा दिसतो, वेगळा रंग ठरवून घेतल्यासारखा.

आईंसाठी एक विचारतो: त्यांनी गोल सुई (वायरने जोडलेल्या दोन सुया) वापरून पाहिली आहे का? लांब सुयांवर सगळ्या कापडाचं वजन मनगटावर येतं, गोल सुईच्या वायरवर ते मांडीत विसावतं. डॉक्टर हो म्हणाले तर पुढे कधीतरी, दिवसाला पंधरा-वीस मिनिटं. मला मनगटाचा त्रास झाला तेव्हा त्याने फार फरक पडला.

पहाटवारा

गोल सुईचं आईला सांगितलं. "त्या वायरीवर काय जमणार," म्हणाली. पण नंतर दोनदा विचारलं, ती केवढ्याला मिळते.

बाह्यांचं तिनेच ठरवलं: राखाडी, मनगटाची पट्टी हिरवी. वर म्हणाली, शेकोटीपाशी राखाडीच बरी, राख दिसणार नाही.

पहाटवारा

आज सतरा दिवसांनी लिहितेय. स्वेटर झाला. खांदे आईने जोडले. मी नको म्हणत होते, पण शिवणाच्या सुईला अंगठ्यावर जोर येत नाही म्हणाली आणि दोन दिवसांत थोडं थोडं करून पुरं केलं. माझा हात सुरू होतो ती जागा मला अजून सापडते, पण उजेडात तिरपं धरून शोधावी लागते.

मामाने परवा पहाटे बागेतून फोन केला. मागे शेकोटीचा तडतड आवाज येत होता. त्याने आईला विचारलं, "बाह्या दुसऱ्या कोणाच्या लावल्यास का?" आई म्हणाली, "पोरीच्या आहेत." तो म्हणाला, लांबीला बरोब्बर आहेत, सारून वर बसतात.

कापूसवेडी

किती छान! डोळे भरून आले. फोटो टाक ना, राखाडी-हिरव्याचा.

वाचनमात्र

रविवारी सुयांची एक जोडी आणि एक गुंडा आणला. ८ नंबर. मिलिमीटर विचारून घेतले, ४ आहे. टाके घालायला कोणी शिकवेल का?

दोन सुया

वाचनमात्र, वीस टाके घाल आणि नुसत्या सुलट ओळी विणत जा, चाळीस झाल्या की फोटो टाक. कडा वाकड्या येतील, टाके वीसचे तेवीस होतील, सगळ्यांचे होतात. दर ओळीच्या शेवटी टाके मोज.

पहाटवारा, मनगटाच्या पट्टीला किती टाके घेतलेस? माझ्या भावालाही हवाय.

पहाटवारा

काकू, ५२ टाके, एक सुलट एक उलट, माझ्या हाताने १० नंबरवर, बावीस ओळी. मग ८ नंबर घेऊन पहिल्याच ओळीत सारख्या अंतरावर आठ टाके वाढवले, आणि पुढे दर सहाव्या ओळीला दोन्ही कडांना एकेक. गळ्याचं आईच्या वहीत आहे, उद्या बघून लिहिते. फोटो उन्हात काढून टाकते, दिव्यात हिरवा काळा दिसतोय.